दगडावरची ती ओळ

एदुविहेस ओहेदा आमच्या गावच्या शाळेत तीस वर्षं स्वयंपाकीण होती. जीभ तिखट, हात सढळ. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ नेमेसिओ हाच तिचा संसार. नेमेसिओ आणि मी एकोणीस वर्षांचे असताना एकाच तुकडीतून इंग्रजांविरुद्ध, बर्फाळ माल्विनास बेटांच्या लढाईवर गेलो. तो परतला तो दोन्ही पायांची बोटं गमावून. चौदा वर्षं एदुविहेसताईनं त्याला सांभाळलं, मग छातीच्या दुखण्यानं तो गेला. माजी सैनिकांना कबरस्तानात वेगळी जागा हवी म्हणून नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या त्या तिनंच. आज तिथं अकरा पांढरे क्रूस आहेत.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही दोघं तिथं गेलो आणि ती जागच्या जागी थांबली. सगळ्यांच्या पुढं नवी कबर, काळा संगमरवर. ‘कर्नल आउरेलिओ बुस्तिंसा. आपल्या सैनिकांचा बाप.’ म्हातारपणी गावाजवळ मळा घेऊन राहिलेला हा माणूस गेल्याच आठवड्यात वारला होता.

“वेन्से, नेमेसिओ झोपेत हेच नाव घेऊन ओरडायचा. कोण हा?”

“तेव्हा आमचा लेफ्टनंट होता, ताई.”

“आणि?”

मग मला सांगावंच लागलं. भुकेपोटी नेमेसिओनं कोठारातला मांसाचा एक डबा चोरला. बुस्तिंसानं त्याला ओल्या चिखलात चार खुंट्यांना हातपाय ताणून बांधलं, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. त्याच्या पायांची बोटं त्या थंडीत गेली. आम्ही बघत उभे होतो. कुणी सोडवायला गेलं नाही. मीही नाही.

“इतकी वर्षं माझ्या ओट्यावर बसून माते चहा पितोस, आणि हे आज सांगतोस?”

“लाज वाटायची, ताई.”

“तुला वाटली! दगडावर बाप कोरून घेताना त्याच्या घरच्यांना नाही वाटली!”

दुसऱ्याच दिवशी ती नगराध्यक्षाच्या टेबलापुढं उभी. तो गोड हसला. “आजी, मेलेल्याशी कसलं वैर?”

“आजी असेल तुझ्या घरी. माझं वैर तुझ्याशी आहे. ती ओळ पुस.”

“पुरावा आणा, साक्षीदार आणा, बघू.”

त्या तुकडीतले आम्ही चौघं उरलो होतो. तिनं एकेकाच्या दारात जाऊन शिव्या घातल्या. एकानं पाठीचं दुखणं सांगितलं, तर म्हणाली, “पाठीला कणा असेल तरच दुखते. चल ऊठ!”

दोन एप्रिलला, लढाईच्या स्मृतिदिनी, बँड आला, शाळेची मुलं आली. नगराध्यक्ष भाषणात ‘सैनिकांचा बाप’वर पोचला आणि आम्ही चौघं त्या काळ्या दगडासमोर खाली बसलो. बूट काढले, मोजे काढले. कुणाची दोन बोटं शिल्लक, कुणाची एकही नाही. बुस्तिंसानं आम्हाला आठवडेच्या आठवडे पाणी भरलेल्या खंदकात ठेवलं, तिथं गेली ती.

“बघा!” एदुविहेसताई ओरडली. “ही त्याची लेकरं! नीट बघा, नगराध्यक्षसाहेब, तोंड का फिरवता?”

बँडवाल्यांनी वाद्यं खाली केली. पहिल्या रांगेतून कर्नलची मुलगी उठली, “खोटारडे! पैसे खाल्लेत कुणाकडून!” तेव्हा मी तोंड उघडलं. डबा, खुंट्या, चिखल, सगळं सांगितलं.

पंधरा दिवसांनी छिन्नी लावून ती ओळ काढली. कबर मात्र हलवली नाही. कायद्यात बसत नाही म्हणे. निम्म्या गावानं आमच्याशी बोलणं टाकलं.

मे महिन्यात कर्नलची मुलगी एदुविहेसताईच्या अंगणात आली. “मला पुन्हा एकदा सगळं ऐकायचंय,” म्हणाली. ताईनं मला बोलावून घेतलं, सांगायला लावलं, आणि त्या बाईला पूर्ण वेळ तिथंच उभं ठेवलं. ऐकून ती गेली.

“ताई, निदान पाणी तरी विचारायचं होतं.”

“तू विचारायचंस,” ती म्हणाली. “माझ्याच्यानं नाही होत.”