सामानाच्या काट्यावर मी

आज लखनौ विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, काँटे पर रखिए." मी बॅग ठेवली आणि बॅगेशेजारी स्वतःही चढून उभा राहिलो!

"अरे अंकल, आप नहीं, सिर्फ बैग!" मागची रांग हसली.

काय सांगणार तिला? ऐंशीच्या दशकात मी इथेच काउंटरवर होतो. दोन लहान कंपन्या जोडून आमची विमान कंपनी झाली होती. मी एका कंपनीतला, काउंटरवरचे माझे जोडीदार मिश्राजी दुसरीतले. नवा युनिफॉर्म कधी आलाच नाही, म्हणून माझा शर्ट निळा, त्यांचा पांढरा. विमान एवढंसं, त्यामुळे प्रवाशांचंही सामानाच्याच काट्यावर वजन करून मगच सीट द्यायचो. कुणी जाडजूड साहेब चढले की मिश्राजी गंभीरपणे म्हणायचे, "हुज़ूर, बीच में बैठिए, जहाज़ आपके भरोसे है."

पुढे आमची कंपनीही एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. सगळे पांगलो.

आजची फजिती सांगायला गेटपाशी फोन काढला. मिश्राजींचा नंबर अजून आहे, ते नाहीत. मुलाला सांगायचं तर आधी काटा समजावून सांगावा लागेल.

तुमच्यापैकी कुणी त्या काट्यावर चढलं होतं का हो? मला समजावून सांगायचं नाहीये, कुणाबरोबर तरी हसायचंय.