आण्णांची बिनक्लचची गाडी

चहा होईपर्यंत ऐका. माझ्या हुशारीचा हा किस्सा मी दर वेळी हसत सुरू करतो.

आण्णा म्हणजे आमचे थोरले बंधू. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला. पन्नाशीपर्यंत कऱ्हाड पाहिलं ते कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसून. मग एकोणीसशे नव्वदनंतर कधीतरी त्यांनी मुंबईहून एक जुनी परदेशी गाडी आणली. ऑटोमॅटिक! क्लचच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. रोज संध्याकाळी आण्णा एकटे गाडी घेऊन नदीच्या संगमावर फिरायला जायला लागले. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. माणूस तरुण झाला हो!

पुढे गाडी गिअर उशिरा बदलायला लागली. नुसती घुं घुं करायची, मग हिसका. आण्णा म्हणाले, पुण्याला दाखवू. मी असताना पुणं? मळ्यातला ट्रॅक्टर मीच बघायचो की! ट्रॅक्टरचं तेल बघतात तसंच गाडीच्या गिअरचं तेल बघितलं. इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं, तेल मोजायची पट्टी पुसून घातली. तेल खुणेच्या वर! म्हटलं, सापडला रोग. डिझेल काढतो तशी नळी घालून तांब्याभर तेल ओढून काढलं.

असल्या गाडीत गिअरचं तेल इंजिन चालू ठेवून, गरम असताना बघतात, हे मला कोण सांगणार? इंजिन बंद केलं की तेल खाली उतरतं आणि जास्त दिसतं. खरं तर ते आधीच कमी होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं पाटणला निघालो. पहिल्याच चढाला इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलेना. आण्णा म्हणाले, ट्रकवर चढवून नेऊ. मी म्हटलं, "आवं, ट्रक कशाला? ट्रॅक्टर हाय की." दोर बांधला आणि चाकं रस्त्यावर फिरवत कऱ्हाडपर्यंत ओढत आणली. इंजिन बंद, त्यामुळे गिअरला तेल पोचत नव्हतं. उरलासुरला गिअरबॉक्सही जळाला. पुण्याच्या मेकॅनिकनं झाकण उघडलं आणि नाक दाबलं. स्पेअर पार्ट कुठंच मिळेना.

आण्णांचं एकट्यानं फिरणं बंद झालं. संध्याकाळी कपडे घालून ओट्यावर बसायचे. मी जीप काढली की म्हणायचे, नको, आज कंटाळा आलाय. रोजच कंटाळा. मला ते बघवायचं नाही.

एकदा राहवलं नाही. त्यांच्या पायाशी बसलो आणि उजवा पाय दाबायला घेतला. आण्णांनी तो हळूच ओढून घेतला.

"ह्यो सोड रं. अजून चालतोय. ह्याला तू हात लावू नगंस."