नायकाला माहीत नव्हतं

दारव्ह्याला माझ्या मेकॅनिक मित्राच्या गॅरेजमध्ये रविवारी दुपारी आम्ही माणसं मारायचो. फाशांनी आणि तोंडानं, पण अगदी मन लावून.

हा नाद माझ्या धाकट्या बहिणीनं लावला. पुण्यातली नोकरी घरूनच करायची सोय झाली तशी ती परत आली आणि येताना बॅगेत रंगीबेरंगी, बारा-वीस बाजूंचे फासे घेऊन आली. खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. "समोर नदी आहे, पलीकडच्या काठावर धूर दिसतोय. काय करता?" असं ती विचारायची. आम्ही आपापल्या माणसाच्या तोंडानं उत्तर द्यायचो. केलेला वार बसला की हुकला, ते फासा सांगायचा.

खेळणारे तिघं. एक मी, कृषी केंद्र चालवणारा. दुसरा मेकॅनिक, तीन भावांतला मधला, ट्रॅक्टरचं इंजिन नुसतं ऐकून खोलणारा. तिसरा आमचा शाळासोबती, बोरी अरबकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. कापूस-सोयाबीन करतो, एक पिकअप चालवतो. गोष्ट त्याच्याच घरची होती. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. बहीण त्याच्या आईजवळ जाऊन बसली, ते सगळं ऐकून आली आणि त्यातून तिनं खेळ रचला. हा शाळासोबती मित्र झाला तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया. मी भालेवाला राखणदार. मेकॅनिक झाला वाटेत सोबतीला लागलेला हकीम.

बहीण दिसायला चिमणीएवढी, पण मारामारी सांगायला लागली की आमच्या अंगावर काटा यायचा. पहिल्याच लढाईत माझा भाला एका लुटारूला लागला तेव्हा मी आनंदानं ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "भाला बरगडीत अडकला आहे दादा. ओढला तर माणूसही सोबत येतो. अजून जिवंत आहे तो, तुझ्याकडंच पाहून राह्यला. छातीवर पाय देऊन काढशील?" मी काढला. त्या दिवशी घरी मटण होतं, मला गेलं नाही.

तिचा एक नियम मात्र कडक होता. खेळणाऱ्याला जे माहीत आहे ते त्याच्या माणसाला माहीत नसतं. ते वापरलं की तो मेटागेमिंग, म्हणजे लबाडी. "तुले मालूम असंल, पण राखणदाराले कसं मालूम?" हा प्रश्न तिनं मला इतक्यांदा विचारला होता की दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतानाही तो कानात वाजायचा.

मग तो रविवार आला. तांडा अडाण नदीच्या काठी उतरला होता. बहीण मेकॅनिकला म्हणाली, "भाई, जरा बाहेर या, हकिमाशी बोलायचं आहे." दोघं गॅरेजच्या मागं गेले. गॅरेजची मागची भिंत टिनाची. एकूण एक शब्द आत आला. लुटारूंनी हकिमाचा मुलगा धरून ठेवला होता. तांडा त्यांच्या हाती दिला तर मुलगा परत मिळणार होता. हकिमानं सगळ्यांच्या ताकात धतुरा कालवायचा होता.

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं.

मेकॅनिक येऊन बसला. थोड्या वेळानं हकिमाच्या गोड आवाजात म्हणाला, "थकले असाल. ताक घ्या."

माझ्या राखणदाराचा हकिमावर जीव होता. त्याच्या पायातली जखम हकिमानंच बरी केली होती. मी म्हणालो, "मी पितो." बहिणीनं फासा टाकायला लावला. पडला वाईट. "तुझी जीभ जड झाली," ती म्हणाली. "भाला हातातून गळाला. झुडपातून माणसं येताना दिसतात, ओरडायला जातोस तर तोंडातून फेस येतो. पहिला घाव मानेवर, दुसराही मानेवर." वर्षभर सांभाळलेला माझा माणूस असा गेला. मला बरं वाटलं नाही, पण खेळ म्हणजे खेळ.

मग पाळी मित्राची. "मी नाई पेत," तो म्हणाला. "मी तलवार काढतो. हकिमाचा गळा कापतो."

"काहून?" बहिणीनं विचारलं.

"मले शक आला."

"तुले आला का नायकाले?"

"नायकाले! त्याच्या तोंडावरून दिसून राह्यलं ना!"

बहिणीनं त्याला संधी दिली. हकिमाचं तोंड वाचता येतं का, ते पाहायला फासा टाक म्हणाली. त्यानं टाकला. एक पडला, सगळ्यात वाईट आकडा. "हकिमाच्या तोंडावर काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "रोजच्यासारखा हसून राह्यला."

"दिसते! मले दिसते! माह्या खापरपणज्याले असंच मारलं, ज्याले पोटाशी घेतलं त्यानंच मारलं! मी नाई मारू देत!"

तेव्हा मेकॅनिक, अजून हकिमाच्याच आवाजात, वाटी पुढं करत म्हणाला, "घ्या नायक. पोरगी तुमची केव्हाच पेऊन झोपली."

खेळातली नायकाची पोरगी मित्रानं आपल्या पोरीवरूनच बेतली होती. तशाच दोन शेंड्या, तसंच बोबडं बोलणं.

बाजूला चाक खोलायची लोखंडी टॉमी पडली होती. ती त्यानं कधी उचलली ते मला दिसलंच नाही. आवाज आला, ओला नारळ फुटावा तसा. मेकॅनिक खुर्चीसकट मागं गेला. भुवई उघडी पडली होती, डोळा रक्तानं भरला. मित्र टेबल ओलांडून त्याच्यावर पडला आणि आपल्या गोर बोलीत ओरडत मारत सुटला. मी मागून कव घातली तर त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, पुढचा दात तुटून घशात गेला. बहीण दोघांच्या मध्ये शिरली, टॉमीला लोंबकळली, तेव्हा ती त्याच्या हातातून सुटली.

मेकॅनिकचे दोन भाऊ शेजारीच राहतात. ओरडा ऐकून ते आले. रक्तात पडलेला भाऊ पाहिला आणि काही न विचारता मित्राला केसांना धरून रस्त्यावर ओढलं. एकानं पाइप घेतला. बरगड्यांवर बसणारे पाइपचे फटके मला आत ऐकू येत होते. दुसऱ्यानं पिकअपची काच फोडली, मग दिवे, मग आरसे. लोक जमले. मोबाइल वर निघाले. "कोनाचा हाय हा? कोनं कोनाले मारलं?" असं कोणीतरी विचारलं, आणि तो प्रश्न एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना त्याचा सूर बदलायला लागला. तांड्यावरचा माणूस, मुसलमानाचं गॅरेज. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा.

मेकॅनिक बाहेर आला. डोक्याला बहिणीची ओढणी, ती लाल चिंब. भिंत धरून उभा राहिला आणि भावावर ओरडला, "छोड उसको! मेरी गलती है. मैंने उसकी बच्ची को जहर दिया था."

पाइप हवेतच थांबला.

"गोष्टीत!" बहीण किंचाळली. "खेळात हो, खेळात! खोटंखोटं!"

थोरल्या भावानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा जमिनीवर सांडलेल्या फाशांकडं. "कौनसा खेल है रे ये?" तो म्हणाला. मी सांगायला तोंड उघडलं, तर पुढचा दातच नव्हता.

दवाखान्यात मेकॅनिकनं जॅक सटकला म्हणून सांगितलं. मित्र म्हणाला, पिकअपवरून पडलो. मी मोटरसायकल घसरली म्हणालो. डॉक्टरांनी तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि टाके घालायला घेतले.

मेकॅनिकला कितीतरी दिवस त्या डोळ्यानं धुरकट दिसत होतं. मित्राच्या बरगड्या मोडल्या होत्या, तो तांड्यावरून खालीच उतरला नाही. खेळाचं नाव कोणी काढत नव्हतं. बहीण मात्र जेवता जेवता मध्येच थांबायची. "मीच पोरीला गोष्टीत घ्यायला नको होतं," एकदा एवढंच म्हणाली.

शेवटी मेकॅनिकच दुकानात आला. "चल, तांड्यावर जाऊ. एकट्याची हिंमत होत नाई."

बहिणीला घेऊन आम्ही गेलो. मित्र अंगणात खाटेवर पडला होता. त्याच्या आईनं, तो तिला याडी म्हणतो, आधी आम्हा सगळ्यांना भरपूर शिव्या दिल्या, मग चहा दिला.

मित्र म्हणाला, "तू हसून राह्यलता. पोरगी मेली म्हणताना."

"मी नव्हतो हसत यार," मेकॅनिक म्हणाला. "फासा टाकला तू, तेव्हा मी मनात म्हणून राह्यलतो, पकड मले. पकड. पडला एक."

"मंग सांगून काहून नाई टाकलं?"

"हकीम कसा सांगंल? त्याचा पोरगा तिथं अडकून होता ना."

मित्रानं खाटेवरूनच मान वळवली. मग त्यानं बहिणीला विचारलं, "सुटला का थो पोरगा?"

"अजून कुठं," ती म्हणाली. "तू मधातच उठला."

तो कण्हत उठून बसला. "मंग चालव."

मी नको म्हणत होतो. पण मेकॅनिकनं मान हलवली आणि बहिणीनं खिशातून फासा काढला. हकिमानं पुन्हा ताक पुढं केलं. या वेळी मेकॅनिकचा आवाज गोड नव्हता, कापत होता. नायकानं वाटी हातात घेतली.

"पिऊ नोको रे!" याडी चुलीपासून ओरडली. "मले मालूम हाय सारं, जहर हाय त्यात!"

"याडी," मित्र म्हणाला, "नायकाले मालूम नाई." आणि रिकामी ओंजळ त्यानं तोंडाला लावली.

बहिणीनं काही कमी केलं नाही. लुटारूंनी नायकाचे हात तोडले, मग गळा. बैल हाकलून नेले. पोरगी झोपेतच गेली, तेवढं तिनं एका वाक्यात उरकलं. मित्र डोळे मिटून ऐकत होता. याडी पदरानं तोंड दाबून उभी होती.

"आता माहा पोरगा," मेकॅनिक म्हणाला.

बहीण जरा थांबली. "पोरगा त्यांनी धरला त्याच दिवशी मारून टाकलता, भाई. नदीत टाकलता."

कोंबड्या अंगणात टिपत होत्या. मेकॅनिकनं फासा उचलून बहिणीच्या हातात परत दिला.

"मले वाटलंच होतं," तो म्हणाला.

"कोनाले?" मित्रानं विचारलं. "तुले का हकिमाले?"

"मले. हकिमाले नाई."