डाव्या कळीला गंध

देवळाच्या पायरीपासून दीपमाळेपर्यंत सत्तावीस पावलं आहेत. मी ती मोजली आहेत. माझी आई ते अंतर नाकाने गेली.

खाली जांभ्याची फरसबंदी. अनवाणी पायालासुद्धा बोचणारी. आई गुडघ्यांवर, हात पाठीमागे, नाक दगडाला. जरा थांबली की खोत पायरीवरून ओरडायचे, "उचलू नको गो! टेकव!" सगळा गाव दोन्ही बाजूंना उभा. मीही त्यांच्यातच उभा होतो. बारा वर्षांचा. रडलो नाही. खरं सांगायचं तर मला आईचीच लाज वाटत होती.

आमचं घर म्हणजे गवताने शाकारलेली एक खोली. बाप मुंबईला गिरणीत होता, तो तिकडेच तापाने गेला. त्याची पत्र्याची पेटी तेवढी बोटीने दाभोळला आली. आईने ती डोक्यावर घेऊन आठ कोस चालत घरी आणली. नंतर वरीची पेज, मीठ आणि असली तर सुकटीची चिमूट. आई खोतांकडे वेठीला जायची. वेठ म्हणजे फुकट राबणं, दुसरं काही नाही. आधी त्यांची लावणी, मग आपली. तोवर आपल्या वाफ्यातला चिखल सुकलेला असायचा.

मग खोतांनी सांगावा धाडला, पोराला आमच्या गुरांमागे पाठव. आईने मला शाळेत पाठवलं. तिचा गुन्हा तो एवढाच.

त्याच वर्षी गावात गुरांचा रोग आला. वाडीतले बैल तोंडाला फेस येऊन पडायला लागले. गुरांच्या डॉक्टराला आणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कौल लावायचं ठरलं.

कौल कसा लागतो ते सांगतो. गुरव देवीच्या खांद्यांवर तगरीच्या दोन कळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मानकरी देवीला प्रश्न घालतो. उजवी कळी आधी पडली तर "होय", डावी पडली तर "नाही". मानकरी म्हणजे खोत. त्यांच्या आधी त्यांचा बाप, त्याच्या आधी त्याचा बाप.

खोतांनी हात जोडले. "आई, ह्या रांडमुंड बाईने तुझी रीत मोडली, म्हणून ही पीडा असेल तर उजवी दे."

उजवी पडली.

गावातून एकच आवाज झाला, "देवीचा शब्द!" आईने कुणाकडे पाहिलं नाही. खाली वाकली.

त्या रात्री तिच्या नाकाला खोबरेल लावताना मी तिला विचारलं, "आय, तू खरंच कायतरी केलंस काय?" तिने माझा हात झटकला. मला आजवर खूप लोकांनी खूप बोल लावले, त्या झटक्याएवढं काहीच लागलं नाही. पुढे वर्षभर आम्हाला विहीर बंद, विस्तव बंद. आई ओढ्याच्या डबक्यातलं पाणी फडक्याने गाळून आणायची. ज्यांच्या लावणीला ती धावून गेली होती, ते वाटेत दिसली की तोंड फिरवायचे. वाईट माणसं नव्हती ती. आज्ञाधारक होती. मला वाइटापेक्षा त्यांचीच जास्त चीड आहे.

मी शिकलो. रत्नागिरीला वार लावून जेवलो, मास्तरांच्या ओटीवर झोपलो, मग मुंबईला दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी एका पेढीवर नक्कल करण्याचं काम. आमच्या वाडीत माझ्या आधी कुणी चौथी इयत्ताही पास झालेला नव्हता. मी बी.ए. झालो. हे मी नम्रपणे सांगत नाही.

कॉलेजात असताना एका मे महिन्यात घरी आलो होतो. गुरवाचा मुलगा मुंबईला, त्याला पत्र लिहायचं होतं, म्हणून म्हातारा माझ्याकडे आला. मधेच उठला.

"बस कर रे आता. जातो. कौल हाय, गंध उगाळायचा हाय."

"कौलाला गंध कशाला?"

"डावी कळी गंधान लावतात नाय? उजवी नुसत्या पाण्यान."

माझी लेखणी थांबली. "दोन्ही पाण्याने का नाही लावत?"

म्हातारा माझ्याकडे बघून हसला. एवढं शिकून ह्याला एवढंही कळत नाही, असं हसला. "का म्हंजे? रीत हाय. बापान तसाच शिकवलान."

नुसत्या पाण्याने लावलेली कळी सुकली की पडणारच. गंधाची धरून राहणार. उजवीच पडायची, दर वेळी. गुरवाला लबाडी ठाऊक नव्हती. त्याच्या बोटांनी कधी प्रश्नच विचारला नव्हता. मी जपून विचारलं, "खोतांना हे ठाऊक आहे?"

"त्यांना नसेल तं कुनाला! त्यांच्या बापासमोर माजा बाप लावायचा."

म्हणून खोत प्रश्न नेहमी तसाच घालायचे. होय हवं असेल तोच प्रश्न.

मी कुणाला बोललो नाही. आईलासुद्धा नाही. दोन वर्षं गप्प बसलो. लोक म्हणतात, राग विसरावा. मी तो जपून ठेवला.

मग खोतांच्या बागेतला आंब्याचा मोहोर करपला. त्या हिवाळ्यात आमच्या वाडीतल्या भिकूच्या नव्या सुनेने, भागीने, पोटात पोर असताना बागेत पाणी शेंदायला जायचं नाकारलं होतं. कौल ठरला. मी मुंबईहून रजा घेऊन आलो.

देवळात भागी खांबाला धरून उभी होती. सातवा महिना. गुरवाने कळ्या लावल्या. खोत पुढे झाले, तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा. आज कौल मी मागतो."

खोत हसले. "काय रे, विलायतेहून हुकूम आणलास काय?"

"घरटी एकाला मागायचा हक्क आहे. तुमचीच रीत. गुरवदादा, आहे की नाही?"

गुरव चाचरला. "हक्क हाय... पन आजवर कुनी मागलान नाय."

"मी मागतो." हात जोडले. आवाज मोठा केला. "आई, ह्या गावावरची पीडा खोतांच्या घरामुळे असेल तर उजवी दे."

खोत पुढे धावले. "अरे, असा प्रश्न घालत नाहीत! गुरवा, काढ त्या कळ्या!" पण लावलेल्या कळीला हात लावायचा नाही, ही पण रीतच होती. गुरव जागचा हलला नाही. सगळे वाट बघत उभे राहिले.

उजवी पडली.

मग भिकूच म्हणाला, हात जोडून, भीत भीत, "धनी, देवीचा शब्द हाय." मग दुसरा. मग बायका. आईच्या वेळचीच तोंडं, तोच आवाज. खोतांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओळखून होतो, हा माणूस आता खरं सांगू शकत नाही. सांगितलं तर तीन पिढ्यांचं मानकरीपण तिथेच संपलं.

खोत गुडघ्यांवर बसले. नाक टेकवलं. मी त्यांच्या बाजूने पावलापावलाने चाललो. अध्येमध्ये थांबले तेव्हा मीच म्हणालो, "उचलू नका. टेकवा." दीपमाळेपर्यंत.

मगच मी गंधाची वाटी उचलून सगळ्यांसमोर धरली आणि कळ्यांचं सगळं सांगितलं. गुरवाला म्हटलं, "आता डावीला पाणी लाव, उजवीला गंध. तोच प्रश्न." डावी पडली. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावी. म्हातारा पायरीवर बसला तो उठेचना.

खोत धोतराच्या सोग्याने नाक पुसत म्हणाले, "हे तू आधी सांगायला हवं होतंस."

"तुमच्या बापाने सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आईने एवढंच विचारलं, "कुठवर घासलान?"

"दीपमाळेपर्यंत."

"बरा झाला," ती म्हणाली आणि तिने तवा चुलीवर ठेवला.

माझे शिकलेले मित्र म्हणतात, आधी सत्य सांगून मग गावाला वाचवायला हवं होतं, तू सूड घेतलास. हो, घेतला. पुन्हा संधी आली तर पुन्हा घेईन, याच क्रमाने. नुसतं सांगितलं असतं तर गावाने खोतांची बाजू घेतली असती, आणि मला वेडा ठरवलं असतं. मान वाकलेली बघितल्याशिवाय आमच्या लोकांना मान वाकते हे पटत नाही.

त्या दिवसापासून आमच्या गावात कौल लागलेला नाही. भागीला मुलगी झाली. खोतांकडे वेठीला कुणी जात नाही. शेजारच्या पाच गावांत अजून कळ्या लागतात. मी नोकरी सोडून गावी आलो आहे. त्या पाचही देवळांत मी जाणार आहे.