पत्र्याच्या कड्यातला चरगा

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एळ अमावास्येचा चरगा. पुरणाचं कडबू, भाजी, दहीभात एकत्र कालवून शेतभर उधळायचं, जमिनीला जेवण म्हणून. मी पुढं "हुलिग्यो!" करत ओरडायचो, ती मागनं मूठ मूठ टाकायची.

निपाणीकडच्या त्या तुकड्यात पाणी साचून मीठ फुटलं होतं. जमिनीत पाईप पुरून पाणी काढलं, तेव्हा कुठं ऊस उभा राहिला. शेती कॉलेजातली एक पोरगी तिथं बिनबुडाच्या डब्यागत पत्र्याची गोल कडी रोवून गेली. असली निचऱ्याची जमीन नायट्रस ऑक्साईड किती सोडते ते तिला मोजायचं होतं. हा वायू दिसत न्हाय, पण हवा तापवतो म्हणे. तिकडं हॉलंडात तिच्या ओळखीची एक बाई तसल्याच शेतात तसलीच कडी रोवून बसलेली. दोन देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. पोरीनं बजावलं होतं, "आप्पा, कड्यात काय टाकू नका."

आणि बायकोनं पहिल्याच कड्यात मूठ टाकली.

"अगं, तिनं सांगिटलंय न्हवं?"

"मग? एवढीच माती उपाशी ठेवू व्हय? तुमाला ठेवलंय का कवा?"

वर अंबील ओतली. मी शिव्या दिल्या, ती हसली. त्याच संध्याकाळी चहाचा कप घेऊन कट्ट्यावर बसली, ती उठलीच न्हाय.

मधल्या दिवसांत पोरगी कड्यांवर टोपण ठेवून हवा भरून घेऊन गेली होती. दिवसकार्य झाल्यावर घरी आली, डोळं पुसलं, आणि मग तिला ऱ्हावेना. "आप्पा, तुमच्या पहिल्या कड्यानं वायू सोडण्यात हॉलंडला मागं टाकलं!" बैलजोडी शर्यत जिंकल्यागत सांगत होती. पुढच्या महिन्यात तिकडच्या लोकांसमोर मांडणार होती.

सांगितलं तर आकडा पुसला जाणार, आणि माझ्या बायकोच्या हातचं शेवटचं तेवढंच. न सांगितलं तर पोरगी चार लोकांत खोटी पडणार. चहा गार झाला, तेव्हा सांगून टाकलं.

ती कपाळाला हात लावून बसली. मग वही काढली.

"किती टाकलं?"

"मूठभर."

"तुमची मूठ का आक्काची?"

"तिची. देताना लई मोठी व्हायची. माझ्या ताटात कवा तेवढी पडली न्हाय."

दोघंबी हसलो. मी तर लई दिवसांनी.

म्हणाली, "तुलनेतनं हा आकडा काढते आप्पा, पण पुसत न्हाय. येगळ्या पानावर ठेवते, आक्काची मूठ असं लिहून. फकस्त, मुठीनंच एवढं वाढलं का, ते बघायला दुसऱ्या कड्यात तसलंच टाकायला पायजे. जमंल?"

"मला चहा सोडून काय रांधायला येतंय?" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली. पहिलं तीन कडबू फुटलं, चौथा मिटला. भात खाली लागला, वर दही घालून झाकला. शेतात गेलो, दुसऱ्या कड्यापाशी बसलो. मूठ भरली. लहान वाटली म्हणून आणखी घेतलं. टाकली, वर अंबील ओतली. मग उठून "हुलिग्यो!" म्हणून मोठ्यानं ओरडलो, आणि राहिलेलं माझं मीच उधळत बांधापर्यंत गेलो.