नुसते ओठ हलवा

मी पोटापाण्यासाठी गाते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कॉयरचं नाव काढलं की गिरगावातली माझी आत्या आजही विचारते, "पण मुख्य गाणं कोण म्हणतं?" मुख्य गाणं सगळेच म्हणतात, आत्या. वीस-बावीस जण वेगवेगळ्या सुरांत मिळून एकच गाणं म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. बायकांमधला जो खालचा आवाज, ज्याला ऑल्टो म्हणतात, तो माझा. ऐकणाऱ्याला तो वेगळा कळत नाही. काढून घेतला की मात्र गाणं पोकळ वाटतं. वर्षानुवर्षं असा न कळणारा आवाज गात आल्यामुळे असेल, राग माझ्या नाकावरच असतो.

दोन वर्षांपूर्वी कॉयरने ठरवलं की आपण लोकांत जायचं. ठरवलं सरांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, आणि जायची वेळ आली माझ्यावर. बाकीचे सगळे वांद्र्याच्या पलीकडे राहतात, मी आपली जवळ. परळला एका शाळेचा हॉल शनिवारी दुपारी मिळाला. शेजारच्या इस्पितळात नर्सिंग शिकणाऱ्या मुली आल्या, लालबागला मसाल्याच्या दुकानात काम करणाऱ्या दोघी आल्या, बाजार आटोपून येणारी एक कोळीण आली, आणि नायगावहून बायकांचं एक अख्खं भजनी मंडळ आलं. त्या मंडळाच्या पुढे काकू. साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. काकूंना विचारल्याशिवाय त्या बायका पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत.

पहिल्याच दिवशी कळलं की यांना गायला शिकवायची गरज नाही. शिकवायचं आहे ते एकमेकींपासून वेगळं गायला, आणि ते महाकठीण. मी दोन गट केले. एकाला चाल दिली, दुसऱ्याला त्याखालचा सूर दिला. खालचा गट दोन ओळी नीट गायचा आणि तिसऱ्या ओळीला अलगद चालीवर जाऊन बसायचा. मी ओरडायचे, त्या हसायच्या, पुन्हा तेच. शेवटी एकीने समजावून सांगितलं, "मॅडम, सगळ्या तिकडे चालल्यात नि आपण इकडेच राहायचं, बरं नाही वाटत ते." जन्मभर आरतीत आणि भजनात एका सुरात गायलेल्या बायका त्या. वेगळा सूर धरणं म्हणजे त्यांच्या लेखी घरातून वेगळी चूल मांडणं.

मग मी खालच्या गटाला गोल करून बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून, वरच्या गटाकडे पाठ करून. तोंड मिटून नुसता सूर गुणगुणायला लावला. किती शनिवार गेले कोण जाणे. एके दिवशी वरचा गट चाल गात असताना खालचा सूर आपल्या जागी टिकला, पूर्ण कडवंभर. हॉलमध्ये काहीतरी नवंच घडल्यासारखं झालं. काकूंनी गाता गाता माझ्याकडे असं पाहिलं की हे आपणच करतोय का. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आलं म्हणून मला माझाच राग आला.

दोन खोडी मात्र जाईनात. एक म्हणजे त्या शेवटाकडे पळायच्या. आरती शेवटाकडे चढत जाते, टाळ्या घाईला येतात, ते कुणी ठरवत नाही, ते हातातच असतं. आमचं गाणं तीन कडव्यांचं होतं, समुद्रावरचं, कॉयरमधल्याच एकाने बांधलेलं. तिसऱ्या कडव्याला सगळ्या जणी सुटायच्या. दुसरी खोड त्याहून वाईट. त्या डोळे मिटून गायच्या. समूहगानात सगळा कारभार संचालकाच्या हातावर चालतो. कधी उचलायचं, कधी थांबायचं, सगळं बघून. देवापुढे गाणाऱ्या बाईला डोळे उघडे ठेव म्हणणं म्हणजे जेवायला चपला घालून बस म्हणण्यासारखं. तरी मी हट्ट धरला, आणि हळूहळू बऱ्याच जणींचे डोळे उघडे राहू लागले.

फोर्टातल्या एका मोठ्या हॉलमध्ये कॉयरचा वार्षिक कार्यक्रम होता. त्यात आमच्या शनिवारच्या बायका आणि मुली कॉयरबरोबर ते एक गाणं गाणार होत्या. त्याआधी सर तालमीला आले. बायकांनी त्यांच्यासाठी चहा आणि बटाटेवडे आणले होते. दोन कडवी झकास झाली. तिसऱ्या कडव्याला गाडी सुटली, आणि सरांचा हात हवेत एकटाच राहिला.

सरांनी मला बाहेर बोलावलं. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून म्हणाले, "उत्साह फार छान आहे गं. पण हॉल मोठा आहे, रेकॉर्डिंग आहे. असं करू, यांना मागच्या ओळीत उभं करू. एकसारख्या साड्या नेसू देत, दिसायला सुंदर दिसेल. आणि सांग त्यांना, नुसते ओठ हलवा. आवाजाला आपण आहोतच."

"तुम्ही सांगा त्यांना," मी म्हटलं.

"तू सांग. तुझं ऐकतात त्या."

सर दुष्ट नाहीत. मला आवाज लावायला त्यांनीच शिकवलं, माझी पहिली कमाई त्यांच्यामुळेच झाली. म्हणून तर जास्त लागलं. एखाद्या परक्याने म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे त्याला झाडला असता. सरांना मात्र मी "सांगते" म्हटलं, आणि ते घड्याळ बघत निघून गेले.

मी आत गेले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. साड्यांसकट. गोड करून सांगायचं मनात आलं होतं, पण ज्यांच्या तोंडाला कुलूप लावायचं त्यांना निदान कुलूप तरी दाखवावं. मग नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, "मग आम्ही येतच नाही, मॅडम." कोळीण म्हणाली, "आम्हाला काय दुकानातल्या बाहुल्या समजतोय काय तो?"

काकू मात्र खाली बघत होत्या. त्यांची चाळ पाडली होती. नवी इमारत होईपर्यंत म्हणून त्यांना एका टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर घर मिळालं होतं. चाळीत त्यांचं भजन सुरू झालं की शेजारीण आपणहून टाळ घेऊन यायची. टॉवरमध्ये त्या पहिल्याच आठवड्यात देवापुढे गायला बसल्या तर इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, आवाज कम करो, कंप्लेंट आया है. तेव्हापासून त्या घरात गात नव्हत्या. आठवडाभरात त्यांचं गाणं काय व्हायचं ते फक्त आमच्या हॉलमध्ये, शनिवारी. हे त्यांनी मला तोपर्यंत सांगितलं नव्हतं. त्या दिवशी, वडे गार होत असताना सांगितलं.

"थंयसुद्धा गप, हंयसुद्धा गप," काकू त्यांच्या मालवणीत म्हणाल्या. "गप रवान कोण गाता काय? येतलंव आणि गातलंव."

मी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, त्या गाणार आहेत. त्या ओठ हलवणार असतील तर मीही ओठच हलवीन." सर हसले. मग हसायचे थांबले, कारण खालचा आवाज गाणाऱ्या आम्ही तिघीच, त्यातली एक माझी शिष्या आणि दुसरी माझ्याकडे बघून गाणारी. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की दोन कडवी त्यांनी मोकळ्या आवाजात गावीत आणि तिसऱ्या कडव्याला गप्प राहावं. सर डावा तळहात वर करतील, तो दिसला की मागची ओळ थांबेल. पदरात पडलं ते घ्यावं म्हणून मी हो म्हटलं, आणि ते हो म्हणताना मला मुळीच बरं वाटलं नाही. बायकांना सांगितलं. काकू म्हणाल्या, "बघूया."

कार्यक्रमाला त्या आपापल्या ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, एकसारखी एकही नाही. मी माझ्या ओळीत कडेला, त्यांच्या शेजारी उभी राहिले. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. सगळ्यांचे डोळे टक्क उघडे, सरांच्या हातावर. खालचा सूर इतका पक्का की मला माझा आवाज त्यात सापडेना, आणि असं माझं गाताना कधी होत नाही. मग तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी सरांचा डावा तळहात वर आला.

काकूंनी तो पाहिला. नीट पाहिला. आणि डोळे मिटून घेतले.

मग शेजारणीने मिटले, मग तिच्या शेजारणीने, मग नर्सिंगच्या मुलींनी. पुढच्या क्षणाला सगळी मागची ओळ डोळे मिटून गात होती आणि गाणं चढायला लागलं. मी अर्धी ओळ सरांच्या हाताबरोबर होते. माझं सगळं शिक्षण तिकडे होतं. मग मी ते सोडलं आणि बायकांबरोबर निघाले. माझी शिष्या आली, दुसरी आली, मागोमाग खर्जातले पुरुष आले, आणि मग वरचेही आले, कारण खालचे सूर गेल्यावर वरच्यांना उभं राहायला जागाच नसते. सर पक्के गवई आहेत. दोन मात्रांत त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचा हात आमच्या मागून यायला लागला. ज्या हॉलमध्ये लोकांना खोकायचीसुद्धा चोरी, तिथे लोक ठेक्यावर टाळ्या वाजवत होते.

पडदा पडल्यावर सर माझ्यापाशी आले. रागावले होते. "मी थांबायला सांगितलं होतं. त्यांना दिसलं नाही का?"

"दिसलं, सर. बघूनच मिटले त्यांनी डोळे."

पुढच्या आठवड्यात निरोप आला की शाळेचा हॉल आता मिळणार नाही. पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी विनवण्या केल्या नाहीत. आता रेकॉर्डिंगला कोरसमध्ये गाते, शिकवण्या करते, कॉयरची आठवण येते आणि आली की जीव तुटतो. पण त्या अर्ध्या ओळीनंतर मी जिकडे गेले तिकडेच पुन्हा जाईन. सरांनी हे वाचलं तरी चालेल.

शनिवारचा वर्ग चालू आहे, काकूंच्या टॉवरमधल्या घरात. सोफा भिंतीला सरकवतो, चपला लॉबीत काढतो आणि दार सताड उघडं ठेवतो. परवा गाणं ऐन रंगात आलं होतं आणि इंटरकॉम वाजला. आम्ही सगळ्या थांबलो. काकूंनी रिसीव्हर उचलला, वॉचमनचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जिसको त्रास होता है ना, उसको ऊपर भेज दे. हमको नीचे के सूर में बाई लोग कम पडताय."