फाटकापर्यंत जायचं

उत्तमराव कितीतरी वर्षं नारायणराव गुरुजींचे शेजारी होते, पण हा माणूस सुखी होता की दुःखी, हे नारायणरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. शेंदूरजनाघाटच्या बागांतली संत्री झाडावर असतानाच विकत घेण्यात उत्तमरावांचा जन्म गेलेला. माल आवडला हे तोंडावर दिसलं की सौदा महाग पडतो, म्हणून तोंडावर काही येऊच द्यायचं नाही. घरच्या पुरणपोळीकडेही ते डागी संत्र्याकडे पाहावं तसं पाहत.

गाव सोडून अमरावतीत आल्यावर त्यांच्या जिवाला एकच घोर होता, मुलाच्या, शुभमच्या नोकरीचा. नांदगाव पेठच्या एका कापड कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा शुभमने देहबोलीचा क्लास लावला. हसा, पुढे झुका, नजरेला नजर द्या, मान डोलवा. आरशापुढे त्याचा सराव पाहून उत्तमराव म्हणाले, "गुरुजी, पोट्टं बिघडलं. सौद्याले बसून एवढी मान हालवते का कोनी?"

मग त्यांनी आपली विद्या दिली. "हासू नोको. पंख्याकडे पाह्य. पगार सांगतला का उठ अन् चालाले लाग. फाटकापरेंत जाऊ देत नाई, वापस बलावतेच."

शुभम आज्ञाधारक. आधी तो क्लासप्रमाणे हसला, मग वडिलांप्रमाणे पंख्याकडे पाहू लागला. पगार ऐकताच उठला. साहेबांना वाटलं, पोराला मळमळतंय. त्यांनी घाईने दार उघडून दिलं.

फाटकाबाहेर उत्तमराव उभेच होते. "लवकर लवकर चालला असशीन," एवढंच म्हणाले. बापलेक दिवस मावळेपर्यंत तिथेच थांबले. कोणी आवाज दिला नाही.

पुढे शुभम घरी न सांगता अकोल्याला गेला, एका बियाण्यांच्या कंपनीत मनासारखं हसला-बोलला आणि नोकरी घेऊन आला. क्लासवाल्यांनी लगेच त्याचा फोटो फलकावर चढवला. नारायणराव अभिनंदनाला गेले, तेव्हा उत्तमराव पोराला विचारत होते, "पगार?"

शुभमने सांगितला. उत्तमराव उठले आणि अंगणातून चालू लागले. फाटकाशी पोचले, तशी शुभमने हाक मारली, "बाबा, चहा होऊन राहिला."

उत्तमराव वापस आले.

त्याच वर्षी संत्र्याच्या मोसमात उत्तमराव गावी गेले आणि तिथेच वारले. निघायच्या आदल्या दिवशी ते आणि नारायणराव चौकात संत्र्याच्या गाडीपाशी भेटले होते. उत्तमरावांनी एक संत्रं सोलून फोड पुढे केली.

"गोड आहे की," नारायणराव म्हणाले.

"हळू बोला, गुरुजी. इकनारा आयकून राहिला."